झीज: चाकाची आणि हाडाची

ज्या काळी पनवेलच्या खाडीत मचवे लागत आणि देशावरून बोरघाट उतरून आलेल्या बैलगाड्यांचे तळ गावाबाहेर पडत, त्या काळी हे गाव चाकांसाठी प्रसिद्ध होते. घाटातून चाकाची वाहने चालू लागली ती 1830 साली. त्यानंतरच्या काळात पनवेलच्या सुतारांनी हा धंदा असा काही नावारूपास आणला की, देशावरचा जवळजवळ प्रत्येक गाडीवान परतताना येथली चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरात झाली. आमच्या आत्याचे बालपण अशाच एका कारखान्याला लागून असलेल्या घरात गेले. तुंबा कोणत्या लाकडाचा, आरे किती, पाटे कसे जुळवतात, लाल तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवून तिच्यावर पाणी कसे ओततात, हे सारे तिने पाहिलेले होते. आणि त्याहूनही पक्के असे एक ज्ञान तिने तेथून उचलले होते, ते म्हणजे झिजेचे. चाक जितके चालेल तितकी धाव झिजते, तुंब्याचे भोक रुंदावते, आणि ज्याला चाक राखायचे आहे त्याने वंगण घालावे, ओझे कमी करावे आणि शक्य तितके ते चाक उभे ठेवावे.

काही वर्षांपूर्वी तिच्या पाठदुखीची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, “आजी, हाडांची झीज झाली आहे.” वाक्य पाचच शब्दांचे, परंतु ‘झीज’ हा शब्द आत्याने ऐकला तो चाकवाल्या सुताराच्या कानाने. त्या दिवसापासून तिने देवळात जाणे सोडले, वडाळे तळ्याकाठची सकाळची फेरी सोडली, घरातल्या घरातही ती जपून, भिंतीला धरून, मोजकी पावले टाकू लागली, आणि उरलेला वेळ आरामखुर्चीत बसून आपली हाडे शिल्लक टाकू लागली. हे सारे तिने आमच्या डोळ्यांदेखत केले आणि आम्ही तिला शहाणी म्हटले. पुढे एका सकाळी ओटीवरच्या पायपुसण्यात पाय अडकून ती जागच्या जागी बसली, आणि तेवढ्या हलक्या पडण्याने तिच्या खुब्याचे हाड मोडले.

हा लेख त्या एका शब्दाविषयी आहे. चाक वापराने झिजते, हाड बहुधा न वापरण्याने. आणि दोहोंना एकच शब्द लावल्याने माझ्या घरात जे घडले ते महाराष्ट्रातील किती घरांत घडत असेल, या विचाराने मला स्वस्थता नाही.

हाड हे मेलेले द्रव्य आहे, असे आपल्याला वाटते याचे कारण आपण ते बहुधा मेल्यावरच पाहतो: स्मशानात, खाटकाच्या दुकानात, शाळेच्या प्रयोगशाळेत तारेला टांगलेले. जिवंत देहातील हाड निराळे असते, हे प्रथम लक्षात आले ते एका जेवणावळीत. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर 1736 च्या सुमारास एका छिटे छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवायला गेले असता पानात आलेल्या डुकराच्या मांसातील हाडे त्यांना तांबडीलाल दिसली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की, रंगाच्या पिंपांतून निघालेला कोंडा या डुकरांना खायला घालीत, आणि त्या कोंड्यात आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील एका वनस्पतीच्या मुळांचा रंग मुरलेला असे. पुढे फ्रान्समध्ये द्यूआमेल यांनी जनावरांना हे खाद्य काही दिवस देऊन, काही दिवस थांबवून, पुन्हा देऊन पाहिले, तेव्हा हाडांत तांबडे आणि पांढरे थर आलटून पालटून आढळले. रंग चढतो तो त्या काळात घडत असलेल्या नव्या हाडावर; जुने हाड पांढरेच राहते. म्हणजे ज्याला आपण देहाचा पाषाण समजत होतो, तेथे रोज नवे काम चालू होते.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही कल्पना अगदीच अपरिचित होती असे नाही. त्यांनी अस्थीला सप्तधातूंतील पाचवा धातू मानले, आणि धातू म्हटला की तो आहारापासून सतत पोसला जाणारा, वाढणारा व क्षय पावणारा असा असणारच. वाग्भटाने वायूचे स्थान अस्थीत सांगून, वायू वाढला की अस्थी क्षीण होते, असा दोहोंचा व्यस्त संबंध मांडला. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये ज्या धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला, त्याच्यासारख्या कारखान्यांतून प्रवाळ, मौक्तिक, शंख यांची भस्मे गावोगाव गेली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही भस्मे मुख्यत्वे चुन्याच्याच क्षारांची असतात. मात्र पोटात चुना गेला म्हणजे तो हाडात जाऊन बसला, असे होत नाही. त्या दोहोंमध्ये एक मोठा कारभार आहे, आणि त्याची हकीकत गेल्या शंभर-दीडशे वर्षांत थोडीथोडी उलगडली.

या कारभारात तीन प्रकारच्या पेशी कामावर तैनात आहेत. पहिल्या अस्थिभंजक, ज्यांना शास्त्रज्ञ ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. या मूळच्या हाडाच्या नव्हेतच. रक्तातील भटक्या पेशींच्या घराण्यातल्या त्या, अनेक जणी एकमेकींत मिसळून एक अवाढव्य, अनेक केंद्रकांची पेशी बनते, हाडाच्या पृष्ठभागाला कडेने घट्ट चिकटते आणि त्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते. आम्लाने चुन्याचे क्षार विरघळतात; मागे राहिलेले कोलॅजेनचे तंतू ती एका पाचक द्रव्याने तोडते; आणि साधारण दोन-चार आठवड्यांत तेथे केसाच्या जाडीएवढा खोल खड्डा तयार होतो. दुसऱ्या अस्थिजनक पेशी, ऑस्टिओब्लास्ट. या रांगेने येऊन त्या खड्ड्यात प्रथम कोलॅजेनचे जाळे विणतात आणि मागाहून त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे स्फटिक बसू देतात. हे भरण्याचे काम मात्र सावकाश, तीन-चार महिने चालते. खणणे झटपट आणि भरणे संथ, ही विषमता वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढील बहुतेक अनर्थांचे मूळ तीत आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात कोणत्याही क्षणी अशी दहा लाखांच्या घरातील कामे ठिकठिकाणी चालू असतात, आणि वर्षाकाठी हाडांचा सुमारे 10 टक्के भाग नवा होतो.

तिसरी पेशी या दोघींहून अबोल आणि, माझ्या मते, सर्वांत विलक्षण. भिंत बांधता बांधता काही गवंडी त्याच भिंतीत चिणले जावेत, तशा काही अस्थिजनक पेशी स्वतःच विणलेल्या हाडात गाडल्या जातात. त्या मरत नाहीत. अस्थिपेशी हे नाव धारण करून त्या वर्षानुवर्षे, काही तर दशकानुदशके, आपापल्या कोनाड्यात राहतात, सूक्ष्म बोगद्यांतून शेकडो बाहू पसरून एकमेकींना स्पर्श करतात, आणि हाडातील एकूण पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्याच असतात. दीर्घकाळ त्यांना निरुद्योगी समजले गेले. आता कळते की सारे दप्तर त्यांच्याकडे आहे. आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड अत्यल्प, डोळ्यांना कधीही न दिसणारे असे वाकते. त्या वाकण्याने बोगद्यांतील द्रव हलतो. ती हालचाल अस्थिपेशींना जाणवते. आणि कोणत्या जागी भार पडतो, कोठे पडत नाही, कोठे सूक्ष्म तडा गेला, याचा दाखला त्या लिहून ठेवतात. भार पडत राहिला तर त्या स्क्लेरोस्टिन नावाचे द्रव्य आखडते घेतात, आणि अस्थिजनक पेशींवरची बंदी उठते. भार थांबला की हेच द्रव्य अधिक पाझरते, बांधकाम थंडावते, आणि मोडणाऱ्यांना रान मोकळे होते.

जर्मन शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यांनी 1892 साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले होते की, हाडाची घडण त्याच्यावर पडणाऱ्या भाराला अनुसरून बदलते. त्या सिद्धांताला पेशींच्या पातळीवरचे प्रमाण मिळाले ते असे शतकानंतर. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड भरते. उलट अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड, अन्नपाण्याची कोणतीही वाण नसताना, केवळ वजनाचा भार नाहीसा झाल्याने दरमहा 1 ते दीड टक्का कमी होते. आरामखुर्चीत बसलेली आमची आत्या, आपल्या समजुतीप्रमाणे जपणूक करीत, थोड्या प्रमाणात त्या अंतराळवीरांच्याच मार्गाने चालली होती.

मोडण्याचा हुकूम कोण देतो, हा प्रश्न विशेष मनोवेधक आहे. स्वाभाविक कल्पना अशी की, मोडणारे आणि बांधणारे हे दोन विरोधी पक्ष असावेत. 1997-98 च्या सुमारास अमेरिकेतील व जपानमधील संशोधकांना जे आढळले त्याने ही कल्पना पालटली. अस्थिभंजक पेशी तयार होण्यासाठी रँक-लिगँड नावाचे एक प्रथिन लागते, आणि ते फर्मान निघते अस्थिजनकांच्याच घराण्यातून, विशेषतः गाडलेल्या अस्थिपेशींकडून. त्याच घराण्यातून ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे दुसरे द्रव्यही निघते, जे फर्मान मुक्कामी पोहोचण्यापूर्वीच ते अडवून निष्प्रभ करते. म्हणजे किती मोडायचे हे बांधणारेच ठरवतात. आणि उलट दिशेनेही व्यवहार तितकाच नेमका: जुने हाड घडताना त्यात काही वृद्धिकारक द्रव्ये पुरून ठेवलेली असतात, भंजक पेशींनी ते हाड विरघळवले की ती मोकळी होतात, आणि त्यांच्या हाकेने अस्थिजनक पेशी त्या खड्ड्याकडे वळतात. जेथे मोडले तेथेच बांधले जावे, यासाठी याहून चोख योजना मला ठाऊक नाही.

मोडणे मुळातच थांबले तर काय होते, हेही निसर्गाने दाखवले आहे. 1904 साली हँबर्गचे क्ष-किरणतज्ज्ञ आल्बर्स-श्योनबेर्ग यांनी एका रुग्णाची हाडे चित्रात संगमरवरासारखी पांढरी आणि भरीव दिसल्याचे नोंदवले. भंजक पेशी निकामी असल्याने जुने हाड जागच्या जागी साचत राहते. आणि असे हाड दिसायला दणकट असून तडकते मात्र खडूसारखे, कारण त्यातील सूक्ष्म तडे कोणी खणून दुरुस्त करीत नाही. या विकाराच्या तीव्र प्रकारात बालकाच्या मज्जेला हाडाच्या पोकळीत जागाच उरत नाही, रक्त तयार होत नाही, आणि कवटीतून जाणाऱ्या नसा दबून दृष्टी जाऊ लागते. भंजक पेशी रक्ताच्या घराण्यातल्या असल्यामुळे दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन अशा काही मुलांना वाचवता आले.

येथवर हाडाचा एक धनी झाला, तो म्हणजे भार. दुसरा धनी सांगाड्याच्या बळाचा फारसा विचार करीत नाही. त्याचे सारे लक्ष रक्ताकडे. प्रौढाच्या देहात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील 99 टक्के हाडात. उरलेला अंश रक्तात आणि पेशींत वावरतो. पण स्नायूंचे आकुंचन, नसांचे संदेश, हृदयाचा ठोका, रक्ताचे गोठणे ही सारी कामे त्या अंशावर अवलंबून असल्यामुळे 100 मिलिलिटर रक्तात कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम यांच्या दरम्यान राखणे देहाला भाग पडते. खाली उतरले तर बोटे वळतात, झटके येतात. वर चढले तर मन मंदावते, मुतखडे होतात. सांगाडा ही या दृष्टीने तिजोरी आहे, आणि तिजोरीच्या किल्ल्या गळ्यातील चार परावटू ग्रंथींकडे आहेत, प्रत्येकी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी.

या ग्रंथींचा शोध लागला त्यात एका भारतीय प्राण्याचा वाटा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय गेंडा 1849 मध्ये मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी त्या अजस्र देहाचे विच्छेदन करताना गळ्यात एक लहानसा पिवळसर पिंड टिपला. माणसात त्या ग्रंथी दाखवून दिल्या त्या उप्सालाच्या ईवार सांडस्ट्र्योम या तरुणाने, 1880 साली, आणि त्याच्या निबंधाकडे त्या काळी फारसे कोणी पाहिले नाही. या ग्रंथींचे हाडाशी नाते काय, हे ठरण्यास मात्र व्हिएन्नातील एका ट्राम-कामगाराचे दुःख कारणी लागले. त्याची हाडे पोखरली जात होती, मांडीचे हाड मोडले होते, मूत्रावाटे चुना वाहून जात होता. एका परावटू ग्रंथीची वाढ झालेली असते, हे अशा रुग्णांत पूर्वीच दिसले होते. परंतु वाद असा होता की, हाडे दुबळी झाल्याने ग्रंथी मदतीला वाढते, की ग्रंथी वाढल्याने हाडे दुबळी होतात? शस्त्रवैद्य फेलिक्स मांडल यांनी प्रथम पहिला पक्ष धरला आणि मृत व्यक्तीची ग्रंथी आणून त्या माणसात रोपली. काहीच सुधारणा झाली नाही. मग 1925 मध्ये त्यांनी आपले मत मागे घेऊन गळा उघडला, वाढलेली ग्रंथी काढून टाकली, आणि त्याचे दुखणे हटले, चुन्याचा नाश थांबला. काही वर्षांनी विकार उलटला, हे खरे. पण आपल्या चुकीच्या अनुमानाचा त्याग करून उलट दिशेने शस्त्र चालवणाऱ्या या वैद्याविषयी मला आदर वाटतो.

रक्तातील कॅल्शियम किंचित उतरताच या ग्रंथी काही क्षणांत आपला अंतःस्राव सोडतात. त्याचा तगादा तीन ठिकाणी लागतो. हाडाला हुकूम जातो की रँक-लिगँड वाढवा आणि तिजोरी उघडा. मूत्रपिंडाला ताकीद मिळते की चुना बाहेर जाऊ देऊ नका. आणि त्याच मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाला त्याचे अखेरचे, कार्यक्षम रूप मिळते, जे आतड्यात जाऊन अन्नातील कॅल्शियम आत घेण्याचा परवाना देते. तिन्ही मार्गांनी रक्तातील पातळी सावरली की ग्रंथी शांत होतात. व्यवस्था निर्दोष आहे. पण तिचा अग्रक्रम लक्षात घ्यावा. आहारातून जमा कमी पडली आणि उन्हाचा हात आखडला, तर रक्ताचा हिशेब पुरा होतोच, तो हाडाच्या खात्यावर खर्च टाकून होतो. आणि रक्ततपासणीत सर्व काही ठीक दिसत असताना आत वर्षानुवर्षे सांगाडा उणा होत राहतो.

ड जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडून तयार होते, यकृतात एक संस्कार घेते आणि मूत्रपिंडात दुसरा. याचा एक धडा आपल्याच मुलखात गिरवला गेला आहे. 1922 साली हचिसन आणि शाह या दोन वैद्यांनी नाशिककडील मुडदुसाची पाहणी प्रसिद्ध केली. निकृष्ट अन्नावर वाढणाऱ्या, पण उघड्यावर राबणाऱ्या गरीब घरांत मुडदूस नव्हता. तो आढळला तो बऱ्या अन्नाच्या, पण बायकामुलांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत, आणि तेथील तरुण स्त्रियांनाही हाडे मऊ पडण्याचा विकार जडलेला होता. पनवेलच्या मिठागरांत, भातखाचरांत आणि मासळीच्या वाळवणावर ज्या आगरी-कोळी स्त्रियांच्या पिढ्या गेल्या, त्यांना कष्ट होते, बाळंतपणांचा भार होता, पण उन्हाची वाण नव्हती. शिवाय काट्यासकट चावून खाल्लेली सुकी मासळी होती, आणि डोंगराकडच्या वाड्यांवर नाचणीची भाकरी होती, जिच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात ते त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढेही भरत नाही. आता त्याच भूमीवर उंच इमारती झाल्या, नाती आठव्या मजल्यावर राहतात, पहाटे लोकलने जातात आणि अंधार पडल्यावर येतात. इतक्या सूर्याच्या देशात ड जीवनसत्त्वाची उणीव शहरांतील पाहण्यांत वारंवार आढळते, यात नवल कसले?

तिजोरीतून काढणे नेहमी अपायाचेच असते असे मात्र समजू नये. पनवेलपासून 12 किलोमीटरवर कर्नाळ्याचे अरण्य आहे. तेथे विणीच्या हंगामात पक्ष्यांची जी लगबग दिसते, तिच्यामागे मादीच्या हाडांत एक गुप्त कारखाना चालू असतो. अंडे घालण्याचे दिवस जवळ आले की इस्ट्रोजेन या अंतःस्रावाच्या प्रभावाने तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक निराळे, तात्पुरते हाड वाढू लागते. ते भार पेलण्यासाठी नसते. ते केवळ कवचाची बेगमी असते. रात्री, पोटात नवे अन्न नसताना कवच घडते, तेव्हा भंजक पेशी हे हाड विरघळवून चुना पुरवतात, आणि दिवसा दाणा-किडा मिळाला की ते पुन्हा भरले जाते. घरच्या कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तिच्या देहातील एकूण साठ्याचा जवळजवळ दहावा भाग. एवढे काढून पुन्हा भरण्याचे सामर्थ्य ज्या व्यवस्थेत आहे तिला केवळ झीज म्हणणे म्हणजे तिचे अर्धेच खाते वाचणे होय. नराच्या हाडांत हा साठा नसतो.

तेच इस्ट्रोजेन मानवी स्त्रीच्या हाडांचे पाळी चालू असेपर्यंत रक्षण करते: ते फर्माने आवरते, भंजक पेशींचे आयुष्य आखूड ठेवते. तिशीपर्यंत सांगाडा भरतो, पुढे काही वर्षे जमा-खर्च बरोबरीत राहतात. आणि पंचेचाळीस ते पन्नाशीच्या दरम्यान पाळी थांबली की हा अंमल उठतो. एकाच वेळी फार ठिकाणी खणणे सुरू होते, आणि खणणे आठवड्यांचे व भरणे महिन्यांचे असल्यामुळे अर्धवट खड्ड्यांची संख्या वाढत जाते. अमेरिकी वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी 1940 च्या सुमारास या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखवला. पहिल्या काही वर्षांत दरसाल 2 टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकते, आणि ते अधिककरून जाळीदार हाडातून जाते, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा. म्हणून मनगट, मणके आणि खुबा ही तीन ठिकाणे आधी मोडतात. दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइड औषधांनी बांधणाऱ्या पेशी मंदावतात आणि परिणाम तोच होतो. पुरुषही यातून सुटत नाहीत, त्यांची वेळ उशिरा येते एवढेच.

‘झीज’सारखाच घात करणारा आणखी एक शब्द आहे. पनवेल तालुक्यातच नेऱ्याला शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचे. कुष्ठरोग्याची बोटे झडतात, असे आपण पिढ्यान्पिढ्या बोलत आलो, आणि त्या एका क्रियापदाने किती माणसांना घराबाहेर काढले असेल याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. बोटे झडत नाहीत. रोगजंतू नसांवर घाला घालतात, संवेदना जाते. मग चुलीतले लाकूड, उकळता टोप, विळ्याची धार यांपासून हात मागे घ्यायला सांगणारे कोणी उरत नाही. जखमा होतात, चिघळतात, हाताचा वापर थांबतो. आणि जखम, जंतुसंसर्ग व निरुपयोग या तिहींच्या हुकमावरून भंजक पेशी बोटाचे हाड टोकाकडून आतल्या आत विरघळवत नेतात, ते निमुळते होत होत आखडते. बोट बाहेर गळून पडत नसून आत शोषले जाते, याचा पुरावा त्या आखडलेल्या खुंटावरच कित्येकदा दिसतो: नख. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत रुग्णांच्या हातांचा बारकाईने अभ्यास करून सिद्ध केले की, संवेदना गेलेल्या हाताला इजेपासून जपले तर बोटे वाचतात. म्हणजे हा ऱ्हास अटळ नाही. हाडे या रोगाची खूण हजारो वर्षे जपतात. उदयपूरजवळ बालाथल येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी केलेल्या उत्खननात सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या कवटीवर कुष्ठरोगाने केलेले शोषण ओळखता आले, आणि 2009 साली ते प्रसिद्ध झाले.

आत्याचे हाड शस्त्रक्रिया करून सांधले गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी व्यायामोपचार करणारी एक मुलगी चौकटीची काठी घेऊन आली आणि तिला उभे राहायला सांगू लागली, तेव्हा आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, “अरे, मोडल्या चाकावर कुणी गाडी हाकतं का?” प्रश्न तिच्या परीने बिनचूक होता. मी तिला म्हटले, “आत्या, चाक कारखान्यात नेऊन दुरुस्त करावे लागते, तुझा कारखाना हाडातच आहे, आणि तू उभी राहिल्याशिवाय तो उघडत नाही.” तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही, मग त्या मुलीचा दंड धरून ती उठली.

औषधेही आता उपलब्ध आहेत. काही भंजक पेशींना लंगड्या करतात. एक रँक-लिगँडचे फर्मान वाटेत पकडते. आणि परावटू ग्रंथीचाच स्राव, जो सतत वाढलेला असता हाड पोखरतो, तो दिवसातून एकदा थोडासा टोचला तर बांधणाऱ्या पेशींना जागे करतो, ही तर या शास्त्रातील मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. यांपैकी काय, किती आणि कधी, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आत्याला त्यांनी एक औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, आणि चालायला सांगितले.

ती घरी आली तेव्हा गणपती बसायचे होते. त्या आठवड्यात तिच्या मणक्यातल्या एखाद्या जाळीवर भंजक पेशींनी जो खड्डा धरला असेल तो घटस्थापनेच्या सुमारास खणून पुरा झाला असेल. अस्थिजनक पेशी तेथे रांगेने बसल्या असतील. दिवाळीत तंतू विणले जात असतील, आणि संक्रांतीपर्यंत तो खड्डा भरत आला असेल, क्षार पुरते घट्ट व्हायला मात्र पुढचा पावसाळा उजाडावा लागेल. संक्रांतीच्या दिवशी आत्या काठी टेकीत वडाळे तळ्यापर्यंत गेली, कठड्याशी थोडी टेकली आणि उन्हातून परत आली.